कडक माणसांची नावे

रायपूर शहरात एखाद्या कार्यकर्त्याचा सत्कार चालू असतो. हिंदी वक्ता त्याचा गौरव करताना त्याला ‘कर्मठ’ म्हणतो. हिंदी भाषक श्रोते टाळ्या वाजवितात आणि त्याच रांगेत बसलेला मराठी भाषक क्षणभर बुचकळ्यात पडतो. हिंदीत कर्मठ म्हणजे अखंड कष्ट करणारा, हाती घेतलेले काम तडीस नेणारा. मराठीत कर्मठ म्हणजे स्नानसंध्या, शिवाशिव आणि तिथिवार यांत गुरफटलेला, बाह्य आचारालाच धर्म समजणारा मनुष्य. संस्कृतात या शब्दाचा अर्थ कर्मात कुशल, कर्मात गढलेला असा होता. हिंदीने त्यातील कष्ट उचलले, मराठीने त्यातील कर्मकांड उचलले. शब्द एकच, परंतु एका घरी तो हार घालून घेतो आणि शेजारच्या घरी शिव्या खातो.

असा अनुभव येण्यास रायपूरइतके योग्य शहर क्वचितच सापडेल. नागपूरकर भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकात छत्तीसगडावर बसला. बिंबाजी भोसल्याच्या कारकिर्दीत, म्हणजे १७५८ ते १७८७ या काळात, रतनपूरच्या दरबारी मराठी भाषा आणि मोडी लिपी यांचा प्रवेश झाला. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपुरास हलविले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची रचना झाली. तेव्हापासून छत्तीसगढी, हिंदी, मराठी आणि इंग्रजी या चार भाषा या शहरात एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या आहेत. जेथे भाषा शेजारी राहतात, तेथे शब्दांचे गैरसमज रोज घडतात आणि ज्याला डोळे आहेत त्याला ते रोज काही शिकवितात.

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे अतिशिस्तीच्या, अतिमर्यादशील, नको तितक्या नेटक्या माणसाला भाषा जी नावे ठेवते ती नावे. इंग्रजीत अशा नावांची रेलचेल आहे. इंग्रजी शिकणारा विद्यार्थी प्युरिटन, प्रूड, प्रिग, प्रिम, पेडंट, मार्टिनेट, स्टिकलर हे शब्द एका दमात पाठ करतो आणि द्विभाषी कोशात त्या सर्वांपुढे ‘कर्मठ’, ‘सोवळा’ किंवा ‘कडक’ यांपैकी एखादा शब्द पाहून समाधान मानतो. हे समाधान फसवे आहे. या प्रत्येक शब्दाच्या पोटात निराळा मनुष्य बसलेला आहे आणि त्याच्याशी भांडण करणारा समाजही निराळा आहे.

प्रथम प्युरिटन हा शब्द घ्यावा. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत, इंग्लंडच्या चर्चमध्ये जुन्या पंथाचे जे विधी, पोशाख आणि समारंभ शिल्लक राहिले होते ते काढून टाकावेत असा आग्रह धरणारा एक वर्ग पुढे आला. विरोधकांनी त्याला ‘शुद्धीवाले’ अशा अर्थाने हे नाव दिले. ते नाव शिवी म्हणूनच जन्माला आले. पुढे या वर्गाच्या हाती सत्ता आली. १६४२ मध्ये लंडनची नाट्यगृहे बंद झाली, १६४७ मध्ये पार्लमेंटने नाताळचा सण रद्द केला. १६६० मध्ये राजा परत आला आणि त्याच्याबरोबर नाटकही परतले. परंतु लोकांच्या स्मरणात प्युरिटन राहिला तो आनंदावर विरजण घालणारा म्हणून. याच लोकांनी अमेरिकेत वसाहती वसविल्या आणि १६३६ मध्ये हार्वर्डचे विद्यालय स्थापन केले. त्यांनी सामान्य माणसाच्या हाती ग्रंथ दिला आणि राजसत्तेपुढे मान ताठ ठेवली. या गोष्टी मात्र त्या शब्दात उरल्या नाहीत. शब्द बहुधा विजयी पक्षाची आठवण सांगतो.

येथे मराठी अनुवादकाने सावध व्हावयास हवे. प्युरिटन म्हणजे कर्मठ असे लिहिले की अर्थ उलटा होतो. मराठीतील कर्मठ कर्मकांडास चिकटून बसतो, तर प्युरिटनाचे सारे भांडण कर्मकांडाशीच होते. त्याला वेदीवरील दिवे नको होते, पुरोहिताचा झगा नको होता, सणावारांचा थाट नको होता. दोघेही कडक खरे, परंतु एकाचा कडकपणा विधी जपण्यासाठी आहे आणि दुसऱ्याचा विधी मोडण्यासाठी आहे. दोघांना एकाच घोंगडीखाली झोपविणारा कोश वाचकाची फसवणूक करतो.

प्रूड या शब्दाचा इतिहास अधिक करुण आहे. तो फ्रेंचमधून अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत आला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याच्या मुळाशी असलेला शब्द सुज्ञ, शीलवान, आदरणीय स्त्रीचा वाचक होता. पुरुषाच्या बाबतीत त्याच मुळापासून शूर आणि सज्जन असे अर्थ निघाले. पुरुषाचे सद्गुण शाबूत राहिले आणि स्त्रीचा सद्गुण मात्र थट्टेचा विषय झाला. प्रूड म्हणजे लज्जेचा बाऊ करणारी, देहासंबंधी साधा उल्लेखही न सोसणारी बाई. आज तो शब्द पुरुषालाही लावतात, परंतु तो उच्चारताच डोळ्यांपुढे येते ती स्त्रीच. ओठ आवळून, अंग चोरून बसलेल्या ‘प्रिम’ व्यक्तीचेही तसेच. ज्या समाजाने स्त्रीवर लज्जेचे ओझे लादले, त्याच समाजाने ते ओझे मनापासून वाहणाऱ्या स्त्रीला हसावे, यात भाषेचा न्याय दिसत नाही.

प्रिग हा शब्द याच्या अगदी उलट दिशेने वर चढला आहे. सोळाव्या शतकात तो भटक्या लोकांच्या व चोरांच्या बोलीत होता आणि त्याचा एक अर्थ चोर असाच होता. पुढे तो छानछोकी करणाऱ्या माणसाला लागला, नंतर धर्माचरणात फाजील काटेकोर असणाऱ्याला आणि शेवटी आपल्या सदाचरणाचा तोरा मिरवणाऱ्याला. प्रिग दुराचारी नसतो. तो खरोखरच चांगले वागतो आणि आपण चांगले वागतो हे इतरांना विसरू देत नाही, हाच त्याचा अपराध.

या प्रिगला मराठीत एक जवळचा नातेवाईक आहे. तो म्हणजे ‘शिष्ट’. संस्कृतात शिष्ट म्हणजे सुसंस्कृत, ज्याचे आचरण प्रमाण मानावे असा पुरुष. हिंदीत शिष्ट म्हणजे सभ्य, विनयशील, आणि रायपूरच्या शाळेतील शिक्षक मुलांना शिष्ट वर्तन करण्यास सांगतात. मराठीत मात्र शिष्टाचार आणि शिष्टमंडळ हे शब्द तेवढे सभ्य राहिले. ‘फार शिष्ट आहे हो ती’ असे म्हटले की ती मुलगी कोणाशी बोलत नाही, स्वतःला काही विशेष समजते असा अर्थ होतो. सभ्यता आणि आढ्यता यांच्यातील अंतर किती थोडे आहे, हे या एका शब्दाने मराठी माणसाला शिकविले आहे.

दुसरा गट नियमांच्या पहारेकऱ्यांचा. स्टिकलर हा मूळचा पंच. सोळाव्या शतकात कुस्तीच्या व द्वंद्वाच्या प्रसंगी नियम पाळले जातात की नाही हे पाहणाऱ्यास स्टिकलर म्हणत. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातील कुस्तीत पंचाला आजही तेच नाव आहे. पंचाने काटेकोर असलेच पाहिजे. परंतु कुस्ती संपल्यावरही जो घरात, कचेरीत आणि जेवणाच्या पानावर पंचाचे काम करीत राहतो, तो लोकांना नकोसा होतो. त्याच्यासाठी मराठीत ‘काटेकोर’ हा उत्तम शब्द तयार आहे. ऐकताच तराजूचा काटा डोळ्यांपुढे येतो. हा शब्द स्तुतीलाही चालतो आणि निंदेलाही. हिशेबनिसाच्या बाबतीत तो गुण आहे, यजमानाच्या बाबतीत दोष.

मार्टिनेट हे तर एका माणसाचे आडनाव. चौदाव्या लुईच्या फ्रेंच सैन्यात झाँ मार्तिने हा पायदळाचा निरीक्षक होता. त्याने विस्कळीत शिपायांना एका तालावर चालावयास शिकविले. १६७२ च्या युद्धात तो मारला गेला आणि तोही आपल्याच तोफांच्या माऱ्यात सापडून, असे सांगतात. इंग्रजांनी त्याचे नाव उचलून करड्या शिस्तीच्या अधिकाऱ्याला दिले. पेडंट हा मूळचा इटालियन शब्द आणि त्याचा अर्थ होता शिक्षक. त्याचा अर्थ पुढे असा झाला की, जो पुस्तकातील अक्षर सांभाळतो आणि आशय सांडतो तो. मराठीला यासाठी उसनवारी करण्याचे कारण नाही. समर्थ रामदासांनी दासबोधात ‘पढतमूर्खा’च्या लक्षणांना स्वतंत्र समासच दिला आहे. मूर्खाची लक्षणे सांगून झाल्यावर शिकून मूर्ख राहिलेल्याची लक्षणे निराळी सांगावी लागतात, हे त्यांना ठाऊक होते.

मराठी भाषेच्या इतिहासातही असा एक काटेकोर इंग्रज होऊन गेला. जेम्स मोल्सवर्थ याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८५७ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. या कामात त्याला साहाय्य करणाऱ्यांपैकी थॉमस कँडी याने पुढे मराठी पाठ्यपुस्तकांवर देखरेख केली. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही इंग्रजी विरामचिन्हे मराठी गद्यात रुजविण्यात त्याचा मोठा वाटा आहे. त्याच्या हाताखालून निघालेल्या साच्याच्या मराठीवर नंतरच्या पिढीने टीका केली. ती टीका अस्थानी नव्हती. परंतु टीकाकारांनीही आपली वाक्ये त्याच चिन्हांनी तोडली. काटेकोर माणसाचे ऋण बहुधा असेच फेडले जाते. लोक त्याची थट्टा करतात आणि त्याची शिस्त वापरतात.

तिसरा गट शेजाऱ्यांच्या डोळ्यांचा. टॉमस मॉर्टन या नाटककाराचे एक नाटक लंडनच्या रंगभूमीवर आले. त्यातील एका शेतकऱ्याच्या बायकोला सारखी एकच चिंता असते, ती म्हणजे शेजारच्या मिसेस ग्रंडी काय म्हणतील ही. गंमत अशी की, या मिसेस ग्रंडी संपूर्ण नाटकात रंगमंचावर एकदाही येत नाहीत. तरीही त्यांचे नाव भाषेत अमर झाले. मराठीत त्यांच्या जागी ‘चार लोक’ आहेत आणि हिंदीतही तेच ‘चार लोग’ आहेत. हे चौघे कोण, कोठे राहतात, त्यांना कोणी पाहिले आहे काय, याचा शोध आजवर लागलेला नाही. परंतु त्यांच्या भीतीने मोडलेली लग्ने, सोडलेली शिक्षणे आणि दडविलेली दुखणी मोजता येणार नाहीत इतकी आहेत.

याच भीतीचे ग्रंथरूप म्हणजे १८०७ साली निघालेला कुटुंबवत्सल शेक्सपिअर. वडीलधाऱ्या माणसाने बायकामुलांपुढे मोठ्याने वाचावा अशा बेताने त्यातील ग्राम्य मजकूर काढून टाकला होता. १८१८ मध्ये त्याची वाढविलेली आवृत्ती टॉमस बाउडलर याच्या नावाने निघाली आणि त्याच्या आडनावापासून ‘बाउडलराइझ’ हे क्रियापद तयार झाले. परंतु पहिल्या आवृत्तीचे काम मुख्यतः त्याच्या बहिणीने, हेन्रिएटाने, केले होते. तिचे नाव त्यावर आले नाही. नाटकातील अश्लील कोणते हे एका कुलीन अविवाहित बाईला कळते, असे कबूल करणेच अप्रशस्त झाले असते, असे याचे कारण मानले जाते. जिने लज्जेचे रक्षण केले, तिलाच लज्जेने पुसून टाकले.

आता ‘सोवळा’ या शब्दाकडे वळावयास हवे, कारण मराठी माणूस इंग्रजीतील या सर्व मंडळींना सर्रास सोवळे म्हणतो. बोलण्यात ते शोभतेही. ‘उगाच सोवळेपणाचा आव आणू नकोस’ हे वाक्य प्रूडला लागू पडते, तसेच प्रिगलाही. परंतु सोवळे हा मूळचा स्वभावाचा शब्द नव्हे. तो स्पर्शाचा शब्द आहे. स्नान करून कद किंवा मुकटा नेसलेला मनुष्य सोवळ्यात असतो. त्याला कोणी शिवू नये. स्वयंपाकघराला रेषा असते आणि धावत आलेल्या नातवालाही आजी दुरूनच थांबविते. इंग्रजीतील कडक माणूस तोंड वाकडे करतो. मराठीतील सोवळा मनुष्य अंग चोरून दूर सरतो.

या कल्पनेला समांतर कल्पना पश्चिमेकडे मुळीच नाही, असे मात्र नाही. ‘तुझ्यापेक्षा मी पवित्र’ अशा अर्थाचे जे विशेषण इंग्रजीत ढोंगी सज्जनाला लावतात, त्याचा उगम बायबलातील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात, पासष्टाव्या अध्यायात आहे. तेथे वर्णिलेली माणसे इतरांना आपल्याजवळ येऊ नका असे बजावतात, कारण ती स्वतःला अधिक पवित्र समजतात. तसेच मराठी बायबलात ज्यांना परूशी म्हटले आहे, त्यांच्या मूळ हिब्रू नावाचा अर्थही बहुधा ‘वेगळे झालेले’ असाच आहे. म्हणजे पावित्र्य आणि अंतर यांची गाठ दोन्हीकडे पडली. फरक असा की, इंग्रजीत ती गाठ जुन्या ग्रंथात राहिली, तर येथे ती पाणवठ्यावर येऊन बसली.

१९२७ च्या मार्च महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्या लोकांनी घेतले. त्यानंतर गावातील सवर्णांनी ते तळे शेण, गोमूत्र आदी द्रव्ये वापरून ‘शुद्ध’ केले. हा प्रसंग ध्यानात ठेवला म्हणजे सोवळे हा शब्द प्रूड आणि प्रिग यांच्या हलक्याफुलक्या मेळ्यात सहज बसत नाही, हे कळून येते. इंग्रज प्रिगमुळे एखादी मेजवानी बेचव झाली असेल. सोवळ्याने माणसांना पाणी नाकारले.

या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप तितकेच जड आहे. ‘सोवळी’ म्हणजे केशवपन केलेली ब्राह्मण विधवा. सधवेला सोवळे पाळून पुन्हा मोकळे होता येई. विधवेला तिच्या शरीरासह कायमचे सोवळ्यात डांबण्यात आले. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ पत्र काढले आणि अशा चालींवर कोरडे ओढले. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात १८८९ मध्ये शिकावयास आलेल्या गोदूबाई या विधवेशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला आणि मुरूडच्या गावकीने त्यांना वाळीत टाकले. ज्यांनी वाळीत टाकले त्यांना कोणी प्रूड म्हटले तर ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. चेष्टेच्या शब्दात शिक्षेचे वजन मावत नाही.

त्याच कर्व्यांचे पुत्र रघुनाथ यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालविले. संततिनियमन आणि लैंगिक शिक्षण हे त्याचे विषय. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. आंबेडकर होते. या खटल्यांमागे इंग्लंडातील १८६८ च्या एका निकालाने घालून दिलेली कसोटी होती. ज्याचे मन वाईट परिणामास बळी पडू शकते अशा वाचकावर मजकुराचा काय परिणाम होईल ते पाहावे, अशी ती कसोटी. म्हणजे रंगमंचावर कधीही न आलेल्या मिसेस ग्रंडी न्यायालयात येऊन बसल्या. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६४ मध्ये ती कसोटी मान्य केली. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ‘श्यामा’ या कथेबद्दल चंद्रकांत काकोडकर यांच्यावर झालेला खटला त्याच न्यायालयात पोहोचला आणि १९६९ मध्ये ते निर्दोष ठरले. ती जुनी इंग्रजी कसोटी शेवटी २०१४ मध्ये बाजूस सारण्यात आली आणि समकालीन समाजाची दृष्टी हे माप स्वीकारले गेले. थट्टेच्या एका नावामागे किती मोठी यंत्रणा उभी असू शकते, याचा हा दाखला होय.

येथपर्यंत ऐकून असा समज होईल की कडक माणूस तेवढा वाईट. तसे असते तर भाषेचे काम सोपे झाले असते. परंतु रायपूरच्याच परिसरात याच्या विरुद्ध साक्षी उभ्या आहेत.

रायपूरपासून फार दूर नसलेल्या गिरौदपुरी येथील गुरू घासीदास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सतनामाचा उपदेश केला. त्यांचे अनुयायी प्रामुख्याने अशा जातीचे होते, जिला समाजाने अशुद्ध ठरविले होते. गुरूंनी त्यांना मूर्तिपूजा सोडावयास सांगितली. मांस आणि मद्य वर्ज्य केले, इतकेच नव्हे तर काही भाज्याही निषिद्ध ठरविल्या. बाहेरून पाहणाऱ्यास हे नियम जाचक वाटतील. परंतु ज्यांची सावली लोक टाळत होते, त्यांनी स्वतःहून स्वीकारलेले हे नियम म्हणजे आपणही शुद्ध आहोत, आपली शुद्धता आपणच ठरवू, असा उच्चार होता. विधी आणि मूर्ती नाकारून आचरण कडक करणारा हा पंथ पाहिला म्हणजे इंग्लंडातील मूळ प्युरिटनाची आठवण होते. मराठीतील ‘माळकरी’ हा शब्दही याच कुळातील आहे. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी मांस-मद्याला शिवत नाही, आणि तरीही माळकरी ही शिवी झालेली नाही. कारण त्याचा नेम त्याच्यापुरता असतो.

दुसरी साक्ष माधवराव सप्रे यांची. १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे मराठी कुटुंबात जन्मलेल्या सप्र्यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक शब्दकोशासाठी अर्थशास्त्राच्या परिभाषेचे काम त्यांनी केले. म्हणजे इंग्रजी शब्दाला देशी प्रतिशब्द शोधण्याचे कष्ट त्यांनी प्रत्यक्ष सोसले होते. दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेले. १९०७ मध्ये त्यांनी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केला आणि १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. घरच्यांच्या दडपणाखाली त्यांनी क्षमापत्रावर सही केली आणि सुटका झाली. ही सही त्यांनी स्वतःला कधी माफ केली नाही. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी विरक्त आणि खडतर जीवन पत्करले, रायपुरात राहून लेखन व लोकशिक्षणाचे काम केले आणि १९२६ मध्ये तेथेच देह ठेवला.

अशा माणसाला इंग्रजीतील वरीलपैकी कोणते नाव द्यावे? प्रिग म्हणता येत नाही, कारण त्यांनी आपल्या सद्गुणाचा नव्हे तर आपल्या चुकीचा हिशेब ठेवला. मार्टिनेट म्हणता येत नाही, कारण त्यांनी शिस्त लावली ती स्वतःला. स्टिकलर म्हणावे तर त्या कुस्तीत पंचही तेच आणि मल्लही तेच. येथे हिंदीतील ‘कर्मठ’ शोभतो, मराठीतील शोभत नाही. मराठीत त्यांना ‘व्रतस्थ’ म्हणावे लागेल.

या सर्व शब्दांचा परामर्श घेतल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. भाषा कडकपणाला हसत नाही. ती कडकपणाच्या दिशेला हसते. जो स्वतःकडे कडक आहे त्याला ती व्रती, नेमी, माळकरी, निष्ठावंत म्हणते. तोच कडकपणा दुसऱ्याकडे वळला, की नावे बदलतात आणि शिष्ट, कर्मठ, पढतमूर्ख, सोवळा यांची रांग लागते. मूळचे बहुतेक शब्द सन्मानाचे किंवा निदान उपयोगाचे होते, हे येथे विसरता कामा नये. सुज्ञ स्त्री, पंच, शिक्षक, निरीक्षक, कुशल कर्ता, सुसंस्कृत पुरुष हे सर्व समाजाला हवेच होते. आपले काम संपले कोठे आणि दुसऱ्याचे आयुष्य सुरू झाले कोठे, ही सीमा त्यांना दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांची पदवी शिवीत बदलली.

म्हणून अनुवादकाने कोश उघडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हा मनुष्य कशाबाबत कडक आहे: देहाबाबत, नियमाबाबत, पोथीबाबत की लोकमताबाबत? कोणाशी कडक आहे: स्वतःशी की इतरांशी? आणि त्याच्या कडकपणाची किंमत कोण मोजतो? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून शब्द सापडतो, दुसऱ्यावरून त्याचा सूर. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण जेथे किंमत पाण्याची, शिक्षणाची किंवा आयुष्याची असते, तेथे थट्टेचे नाव पुरत नाही आणि सरळ अन्याय हाच शब्द लिहावा लागतो.

रायपूरच्या सभागृहातील त्या मराठी श्रोत्याने ‘कर्मठ’ हा शब्द ऐकून मान हलवावी की टाळी वाजवावी? व्यासपीठावरील मनुष्याने आयुष्यभर स्वतः कष्ट केले असतील, तर त्याने खुशाल टाळी वाजवावी आणि मराठीत गमावलेला जुना अर्थ शेजाऱ्याच्या भाषेत सुखरूप आहे याचे समाधान मानावे. आपल्या घरातून निघून गेलेली वस्तू शेजारच्या घरात पाहावयास मिळणे, हाही शेजारधर्माचा एक लाभच आहे.